फौजी मास्तर आमदारकीला उभे राहतात तेव्हा

प्रश्न : भाऊसाहेब, आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पुढे बी.एड. करून हायस्कूलवर गणित शिकवलं, तिथूनही आता मोकळे झालेत. यंदा विधानसभेला अपक्ष उभं राहायचं डोक्यात घेतलंय. एक भाऊबंद म्हणतात, पेन्शन बंद होईल. दुसरे म्हणतात, मास्तर आहात तर शिक्षक मतदारसंघातून लढा. पोरांनी तर वर्दीतल्या फोटोचा बॅनर छापायला टाकलाय. काय करावं?
– एक वाचक भगिनी, कोरेगाव तालुका

उत्तर : ताई, पेन्शनला धक्का लागत नाही. निवृत्तिवेतन म्हणजे उमेदवारीला आड येणारं ‘लाभाचं पद’ नव्हे. नोकरीत असते तर आधी राजीनाम्याचं बघावं लागलं असतं.

शिक्षक मतदारसंघ हा विधान परिषदेचा. आपला पुणे शिक्षक मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचा. मतदार फक्त माध्यमिक आणि त्यापुढचे शिक्षक. ते गणितच निराळं, भाऊबंदांना तसं सांगा.

बॅनर मात्र आजच थांबवा. प्रचारात सैन्यदलातल्या लोकांचे फोटो वापरू नका, असं निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये बजावलं आणि २०१९ मध्ये पुन्हा आठवण दिली. साध्या सदऱ्यातला फोटो, खाली ‘माजी सैनिक’, एवढं पुरे. आणि खरं सांगू का, आपल्याकडे वर्दीचं अप्रूप ते किती? घरटी फौजी देणारं अपशिंगे याच जिल्ह्यात, देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली निघालं तेही साताऱ्यातच. इथला मतदार हवालदारसाहेबांना रामराम घालील आणि पुढच्याच वाक्यात विचारील, कॅनॉलचं आवर्तन कधी सुटणार? त्याचं उत्तर तयार ठेवायला सांगा. त्यांची खरी पुंजी म्हणजे हाताखालून गेलेली पोरं; ती आज मतदार आहेत.

आता अर्ज. कचेरीत निवडणुकीचं टेबल सांभाळलेला माणूस म्हणून सांगतो, अपक्षाचं घोडं अडतं ते सूचकांपाशी, म्हणजे उमेदवाराचं नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदारांपाशी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक चालतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघातले. तालुका आणि मतदारसंघ एकच, असं धरून चालू नका. रहिमतपूर तालुक्याने कोरेगावचं, पण विधानसभेला कराड उत्तरमध्ये. वाठार स्टेशन फलटणमध्ये. जिवाभावाचा मित्र म्हणून तिकडच्या माणसाची सही घेतलीत, तर छाननीत अख्खा अर्ज बाद. प्रत्येकाचा यादी भाग आणि अनुक्रमांक मतदार यादीत बोट ठेवून बघा. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात, डिपॉझिट एकदाच. तेव्हा निदान दोन भरा, सूचक वेगवेगळे ठेवून.

अर्जासोबतच्या शपथपत्रात एकही रकाना मोकळा सोडू नका. नसेल तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ लिहा. तुमच्या नावावरचं सोनं, जमीन, सोसायटीचं कर्ज, सगळं त्यात येतं. त्यामुळे हे कागद त्यांच्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका. अर्ज दिल्यावर उमेदवाराने शपथ घ्यायची असते, तीही छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत. हारतुऱ्यांच्या गडबडीत नेमकी तीच राहते. दालनात उमेदवार धरून पाचच जण सोडतात. बाकीची भावकी बाहेर चहा पिऊ दे.

डिपॉझिट दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला पाच. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ते जातं. बऱ्याच अपक्षांचं जातं, त्यात लाज कसली! खर्चाची मर्यादा चाळीस लाखांची आहे म्हणतात म्हणून कुणी शेत गहाण टाकायला सांगितलं, तर त्याला दारातूनच परत पाठवा. खर्चासाठी बँकेत वेगळं खातं अर्ज भरण्याआधीच उघडावं लागतं. निकालानंतर तीस दिवसांत हिशोब द्यायचा; तो चुकवला तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. गणिताचे मास्तर असले तरी प्रचाराच्या धामधुमीत त्यांना वडापावची बिलं सांभाळायला सुचायचं नाही. वही तुमच्याकडे ठेवा.