परदेशी जाण्याआधी परतीविषयी बोलू या

एप्रिल उजाडला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या बावीस ते सव्वीस वर्षांच्या मुलामुलींचा प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत कानावर पडू लागतो: "मॅडम, बाहेर शिकायला जाऊ की नको, काही केल्या ठरत नाही." कोणाला जर्मनी खुणावत असते, कोणाला कॅनडा, कोणाच्या हातात अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांची पत्रे असतात. पालकही येतात, पण त्यांच्या तोंडी तो प्रश्न "तुम्ही हिला जरा समजावून सांगा" असा होतो, आणि कोणत्या बाजूने समजवायचे हे घरागणिक बदलते. यातल्या बहुतेकांकडे माहितीची वाण नसते. शुल्क, व्हिसा, राहणीचा खर्च त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतो, आणि तरीही निर्णय होत नाही. हे असे का होते ते मला एका मुलीच्या निमित्ताने नीट उमगले. तिची हकिगत सांगताना ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि सात-आठ भेटी दोन-तीन प्रसंगांत आवरल्या आहेत.

२०२४ च्या मे महिन्यात ती आली. मूळची सांगलीची, यांत्रिकी अभियंता, चाकणच्या एका कारखान्यात ४२ हजारांवर नोकरी. जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात, इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या अभ्यासक्रमाला ऑक्टोबरपासून प्रवेश मिळालेला. तिने पिशवीतून एक दोनशेपानी वही काढून माझ्यासमोर ठेवली. वहीत दोन रकाने होते, जाण्याचे फायदे आणि तोटे, आणि प्रत्येक नोंदीपुढे दहापैकी गुण. इतकी नेटकी वही मी क्वचितच पाहिली असेल. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही त्या हिवाळी सत्रापासून शुल्क सुरू केले आहे, हे तिने टिपले होते. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, वर्षाचे ११,२०८ युरो भरायचे, म्हणजे दहा लाखांच्या पुढची रक्कम (त्याच वर्षी सप्टेंबरपासून ती ११,९०४ युरो झाली). विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येते, शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, अनेक विद्यापीठांत एकाच विषयात तीनदा नापास झाल्यास त्या अभ्यासक्रमातून नाव कमी होते. शेवटी बेरीज होती: फायदे ६७, तोटे ६६.

"एका गुणाने जायचं ठरलंय की," मी म्हणाले.

"तो एक गुण मीच नंतर वाढवलाय," ती म्हणाली, आणि दोघींनाही हसू आले.

मी वही पुन्हा चाळली. चाळताना जाणवले की तिच्यात जाण्याविषयी सर्व काही आहे, न जाण्याविषयीही आहे, पण परत येण्याविषयी एक ओळदेखील नाही. मी तसे बोलून दाखवले. ती गोंधळली. "परत कशाला येईन? एकदा गेलं की तिथे सेटल व्हायलाच हवं ना. नाहीतर घर तारण ठेवून जायचंच कशाला?"

एका दमात तिने दोन 'च' उच्चारले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा पिंड पोसलेला असल्यामुळे असेल, पण मराठीतल्या या एकाक्षरी अव्ययाकडे माझे कान नेहमी टवकारलेले असतात. इंग्रजीला जिथे 'मस्ट'सारखे अख्खे क्रियापद खर्ची घालावे लागते तिथे आपण एक 'च' लावून मोकळे होतो, आणि त्यामुळे आपली इच्छा आज्ञा कधी झाली ते आपल्यालाही कळत नाही. "सेटल झाले तर आवडेल" हे वाक्य माणसाला पुढे चालवते, तर "सेटल व्हायलाच हवे" हे वाक्य त्याला उंबऱ्यावर खिळवून ठेवते, कारण त्यात मागे फिरण्याची मुभा नसते. ज्या दारातून एकदाच जाता येते त्या दारात कोणीही घुटमळेल. ती अनिश्चित स्वभावाची आहे असे तिच्या आईवडिलांना वाटत होते, मला मात्र तिचे घुटमळणे अगदी सुसंगत वाटले.

पुढच्या भेटीत मी तिला त्याच न लिहिलेल्या ओळीपाशी नेले. समजा विषय राहिले, किंवा १८ महिन्यांत नोकरी नाही मिळाली, किंवा सगळे सुरळीत होऊनही तिथे करमलेच नाही आणि तू परत आलीस, तर त्यातले सर्वांत अवघड काय? मला वाटले होते, ती कर्ज म्हणेल. ती बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत राहिली आणि म्हणाली, "बाबांना तोंड कसं दाखवू?"

"बाबा असं कधी म्हणालेत?"

"नाही. पण म्हणायला कशाला लागतं?"

मी बाबांना बोलावले. ते कुपवाड एमआयडीसीतून निवृत्तीच्या वाटेवर असलेले, मोजके बोलणारे गृहस्थ. मुलीने जावे अशी त्यांची फार इच्छा होती, आणि "आमचं काही म्हणणं नाही, तिनं ठरवावं" हे वाक्य त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत तीनदा उच्चारले. चौथ्यांदा ते यायच्या आत मी विचारले, "तुमच्या घराण्यात याआधी कोणी परदेशी गेलं होतं का?"

ते काही बोलण्याआधी मुलगीच म्हणाली, "बाबाच गेले होते की. मस्कतला. गल्लीत अजून त्यांना मस्कतकर म्हणतात." तिच्या आवाजात कौतुक होते. बाबांच्या चेहऱ्यावर ते नव्हते.

मी थांबले. अशा वेळी पुढचा प्रश्न विचारण्याचा मोह आवरणे ही या व्यवसायातली सर्वांत कठीण गोष्ट आहे, आणि त्या दिवशी मला ती जमली याचे मला आजही समाधान आहे. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग ते मुलीकडे न पाहता माझ्याशी बोलू लागले. १९९४ साली दोन वर्षांच्या करारावर ते गेले होते आणि अकराव्या महिन्यात परत आले होते. आई आजारी आहे असे सगळ्यांना सांगितले होते. ती आजारी नव्हती. एका खोलीत आठ जण, कोणाशी पटत नव्हते, रात्री झोप येत नव्हती, एवढेच कारण होते. "मस्कतकर हे नाव कौतुकानं नाही पडलं, बाळा," ते पहिल्यांदा तिच्याकडे वळून म्हणाले. "लवकर परत आलो म्हणून चिडवायला पडलं."

ती थक्क होऊन पाहत राहिली. लहानपणापासून तिने ते नाव अभिमानाने मिरवले होते.

"परत आलात त्याचं तुम्हाला वाईट वाटतं का?" मी विचारले.

"परत आलो म्हणून कुपवाडला लागलो. लग्न झालं. ही झाली." त्यांनी चष्मा काढून पुसला. "परत आलो ते बरं झालं, मॅडम. पण हे मी तीस वर्षांत मोठ्यानं कधी म्हटलेलं नाही."

मुलीच्या मनातला 'च' कुठून आला होता ते तेव्हा मला कळले. घरात त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नव्हता, आणि न बोलल्यामुळेच तो इतका पक्का झाला होता. लेक परदेशात टिकली की आपले अकरा महिने भरून निघतील, असा काहीसा हिशोब बाबांच्या मनात असावा, आणि मुलांना असे हिशोब न सांगताही कळतात. ती ते फेडण्याची जबाबदारी घेतात, फक्त आपण कशाची परतफेड करतो आहोत हे त्यांना ठाऊक नसते. म्हणूनच परदेशी जाण्याच्या प्रश्नावर मुलाला एकट्याला बसवून मी सहसा काम करत नाही, निदान एका भेटीला तरी घरातले कोणी असावे असा माझा आग्रह असतो.

त्यानंतरच्या भेटींत आम्ही मुद्दाम रुक्ष कामे केली. सगळ्या घरांना माझा पहिला आग्रह असा असतो की कर्जाचा हप्ता युरोत किंवा डॉलरमध्ये मिळू शकणाऱ्या पगारावर न मोजता इथे परतल्यावर मिळेल त्या पगारावर मोजावा. तिला १४ लाख लागणार होते. व्याज साडेदहा टक्के आणि सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असे धरले, तर शिक्षणाची दोन वर्षे आणि त्यानंतरचे सवलतीचे एक वर्ष हप्ता नसला तरी सरळव्याजाने ४ लाख ४१ हजार चढतात, आणि पुढे दहा वर्षे महिना सुमारे २५ हजारांचा हप्ता बसतो. ४२ हजारांच्या पगारातून तो ओढाताणीचा होता, पण अशक्य नव्हता. त्या तीन वर्षांत दरमहा नुसते व्याज भरत राहिले तर तो १९ हजारांवर येत होता, आणि ते व्याज भरायला बाबा तयार होते. जिथे हा आकडा परतीच्या पगारात बसतच नाही तिथे मी स्पष्टपणे सांगते की देश, अभ्यासक्रम किंवा वर्ष बदला, कारण अशा कर्जाने परतीचा रस्ता आधीच बंद होतो. शिवाय नियम आपल्या हातात नसतात. कॅनडाने जानेवारी २०२४ पासून विद्यार्थ्याने राहणीसाठी दाखवायची रक्कम १० हजार डॉलरवरून एकदम २०,६३५ डॉलरवर नेली, आणि तयारीत असलेल्या कितीतरी घरांची गणिते कोलमडली.

दुसरे काम होते परतीच्या अटी कागदावर उतरवण्याचे. कोणत्या परिस्थितीत परत यायचे, तोवर कोणाला काय सांगायचे, परतल्यावर पहिले सहा महिने कुठे राहायचे. हे अपशकुनी वाटते, "जायच्या आधीच कसलं परतीचं बोलता" असे आजी-आजोबा हमखास म्हणतात. माझा अनुभव मात्र असा की हा कागद झाला की मुले शांत झोपू लागतात. तिच्या कागदावर बाबांनी एक अट स्वतःच्या हाताने लिहिली: 'करमले नाही, हे कारण पुरेसे आहे.'

आता ती ताबडतोब निघेल असे मी धरून चालले होते, आणि तिथे माझा अंदाज साफ चुकला. परतीची भीती सरल्यावर तिला घाईचीही गरज उरली नाही. अभ्यासक्रम इंग्रजीतून असला तरी नोकरी जर्मनविना अवघड, आणि तिची तयारी भाषेच्या सहा पातळ्यांपैकी पहिल्या, ए-वन पातळीपुरतीच होती. तिने ऑक्टोबरची जागा सोडून दिली, पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून तिसऱ्या, बी-वन पातळीपर्यंत मजल मारली, आणि उन्हाळी सत्रालाही प्रवेश देणाऱ्या दुसऱ्या विद्यापीठात २०२५ च्या एप्रिलमध्ये रुजू झाली. हातची जागा सोडली म्हणून तिची मावशी माझ्यावर अजून नाराज आहे.

मध्यंतरी बाबांचा फोन आला होता. तिचा एक विषय दुसऱ्यांदा राहिला आहे, आता शेवटची संधी. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण फोन त्यांनी केला होता तो दुसरे काही सांगायला. निकाल लागला त्याच संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल करून घरी सगळे सांगितले होते, रडली होती, आणि मग आईला आमटीचे प्रमाण विचारले होते.

"मी अकरा महिन्यांत घरी एकही पत्र खरं लिहिलं नव्हतं, मॅडम," ते म्हणाले.