‘द एक्स्पान्स’ची पुस्तकं आधी वाचावीत की मालिका आधी बघावी? आणि बेल्टर लोकांचं बोलणं पुढे पळवलं तर चालेल का?

पळवलं तर चालेल का, याचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ‘द एक्स्पान्स’ म्हणजे भविष्यातल्या अवकाशातली कादंबरीमाला आणि तिच्यावरची टीव्ही मालिका. बेल्टर म्हणजे त्यातली, मंगळ आणि गुरूमधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली माणसं. पुस्तकं आधी की मालिका, ते नंतर सांगते.

तुम्ही लिहिलंय की पहिल्या सीझनच्या चौथ्या भागावर अडकलोय, अवकाशातली लढाई भारी वाटते, पण त्या पट्ट्यातल्या सेरेसवरची माणसं जे मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात ते डोक्यावरून जातं, म्हणून तेवढं दहा-दहा सेकंद पुढे ढकलतो. ‘मोडकंतोडकं’ हा शब्द वाचला आणि ताट बाजूला सारून लिहायला बसले. तुमच्यावर राग नाही. पण हा शब्द मी आधी ऐकलाय, आणि तो माझ्याबद्दल वापरलेला ऐकलाय.

मी सोलापूरची. पूर्व भागातली, पद्मशाली. घरात तेलुगू, शाळेत मराठी, शेजारच्या चाचीशी दखनी, भाजीबाजारात कानडी. अम्मा रागावली की एका वाक्यात तिन्ही-चारी भाषा येतात आणि समोरच्याला सगळं नीट कळतं. आमची मराठीसुद्धा ‘काय करलालास बे’ अशी. नोकरीसाठी पुण्याला गेले तेव्हा ही मराठी महिनाभरात आत ठेवून दिली. ऑफिसात एक बोलायचं, फोनवर घरी दुसरं. कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला, पण दोनदा कुणी हसलं की माणूस आपोआप शिकतो.

‘द एक्स्पान्स’ मला मिळालं ते माझ्या पुण्याच्या रूममेटमुळे. ‘लेव्हायथन वेक्स’ हे पहिलं पुस्तक तिनंच हातात दिलं होतं, ते उपकार मी विसरलेले नाही. २०१९च्या डिसेंबरात चौथा सीझन आला तेव्हा आठ पुस्तकं निघालेली होती आणि तिची आठही वाचून झाली होती. माझी जेमतेम तीन. आम्ही चौघी एका शनिवारी रात्री तिच्या लॅपटॉपसमोर बसलो. लॅपटॉप तिचा, त्यामुळे बटणही तिच्याच हातात. आणि बेल्टर बोलायला लागले की ती पुढे ढकलायची. चौथ्या सीझनमध्ये असं करणं म्हणजे मेदिना स्टेशनवरचे ड्रमर आणि ॲशफर्ड या दोन बेल्टर म्होरक्यांचे प्रसंग जवळजवळ सगळेच जाणार. कारा जी आणि डेव्हिड स्ट्रॅथेर्न या दोघांनी तिथे जे काम केलंय ना, तो त्या सीझनचा जीव आहे. बाकी सीझन त्या परक्या ग्रहावरच्या जमिनीच्या भांडणात रेंगाळतो, खरं सांगते.

मी म्हटलं, अगं थांब, बघू दे. ती म्हणाली, ‘पुस्तकात ॲशफर्ड असा नाहीच. आणि ड्रमर तर पुस्तकात एवढी नाहीच. हे सगळं मालिकेनं घुसडलंय.’

तेवढ्यात अम्माचा फोन आला. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पाण्याचा दिवस होता आणि मोटर बिघडली होती. सोलापूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. नळाला तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्या दिवशी मोटर बंद म्हणजे पुढचे चार-पाच दिवस गेले. मी खिडकीशी जाऊन दहा मिनिटं बोलले. वायरमनचा नंबर, शेजारून पाइप ओढायचा की नाही, टाकी किती भरलीय. तेलुगूत, मराठीत, मध्ये ‘मोटर’, ‘फ्यूज’, ‘कंडेन्सर’. परत येऊन बसले तर रूममेट म्हणाली, ‘तुझं आणि ह्यांचं सेमच आहे. मोडकंतोडकं. तुलाही सबटायटल लावायला पाहिजेत.’

तिघी हसल्या. मी काही बोलले नाही. उजनीत पाणी असून नळाला नाही, आणि समोर पडद्यावर बर्फाची जहाजं ओढणारी माणसं. मला तेव्हा हसूही आलं नाही आणि उत्तरही सुचलं नाही.

हेही आठवा की ही अख्खी गोष्ट सुरू होते पाण्यापासून. ‘कँटरबरी’ हे जहाज शनीच्या कड्यांमधला बर्फ ओढून आणणारं. ते उडवलं जातं आणि पट्ट्यातल्या माणसांचा बांध फुटतो. रूममेटचं पहिल्या पुस्तकाबद्दल कायम म्हणणं असायचं की एका बर्फवाल्या जहाजासाठी एवढा दंगा पटत नाही. मला पहिल्या वाचनातच पटला होता. ज्यांच्या घरी लग्नाची तारीख काढताना पाण्याचा दिवस कुठला येतो ते आधी बघतात, त्यांना तो दंगा समजावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहावर आमचं वाजलं. तिचं म्हणणं असं की भाषा म्हणजे व्याकरण, आणि हे लोक नुसते जगभरचे शब्द एकत्र कोंबतात. माझ्याकडे तेव्हा माहिती नव्हती, नुसता राग होता. माहिती नंतर गोळा केली, ती तुम्हाला देते, निदान तुमच्या तरी कामी येईल.

पुस्तकांमध्ये बेल्टरांचं बोलणं विखुरलेलं आहे. चव येण्यापुरते शब्द इथे तिथे, त्यांना फारसा नियम नाही. म्हणजे तिचा आक्षेप लागूच करायचा तर पुस्तकाला लागू होतो, मालिकेला नाही. मालिकेसाठी निक फार्मर नावाच्या भाषातज्ज्ञाने ती भाषा नीट बांधली. पाया इंग्रजीचा, त्यावर जगभरच्या भाषांमधून आलेले शब्द, आणि वाक्यरचनेला स्वतःचे नियम. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘के’ लावतात. ‘सासा के?’ म्हणजे ‘कळलं का?’ आपण वाक्याला ‘का’ जोडतो तसंच आहे ते. भावाला ‘बेरात्ना’. पट्ट्यातले ते ‘बेल्टालोडा’, पृथ्वी-मंगळावरचे ते ‘इन्यालोडा’. आणि डिटेक्टिव्ह मिलरला त्याचीच माणसं शिवी म्हणून काय म्हणतात ते कान देऊन ऐका: ‘वेलवाला’. वेल म्हणजे विहीर, गुरुत्वाकर्षणाची विहीर, म्हणजे ग्रह. त्याला जोडलेला ‘वाला’ आपल्याकडचाच, पाववाला-चहावाला मधला. ग्रहवाल्यांचा माणूस, घरभेदी. एका शब्दात मिलरचं सगळं दुखणं आलं. सेरेसवर जन्मला, पृथ्वीच्या कंपनीची पोलिसी करतो, टोपी घालतो, त्यांच्यासारखं बोलतो. हा शब्द तुम्ही दहा सेकंद पुढे ढकललात तर मिलर तुम्हाला नुसता चिडका पोलीस वाटणार.

नेओमी या बेल्टर इंजिनिअरकडेही लक्ष द्या. ‘रोसिनांते’ जहाजावर पृथ्वीवरच्या कप्तान होल्डनशी बोलताना तिचं इंग्रजी वेगळं, आणि दुसरा बेल्टर समोर आला की जीभ फिरते. डॉमिनिक टिपरने हे इतकं सहज केलंय की पहिल्यांदा बघताना मला माझा ऑफिसातला आणि घरचा फोन आठवला. पाचव्या सीझनमध्ये ती जुन्या माणसांत परत जाते तेव्हा ती काय बोलते याहून ती कोणत्या भाषेत बोलते हे मोठं आहे. तिथे डबिंग लावून बघणाऱ्यांची मला खरंच कीव येते.

राहिला ‘मालिकेनं घुसडलं’ हा मुद्दा. पुस्तकांवर लेखक म्हणून ज्याचं नाव असतं तो जेम्स एस. ए. कोरी हा एक माणूस नाही, डॅनियल एब्राहम आणि टाय फ्रँक या दोघांचं ते टोपणनाव. हे दोघेही मालिकेत लेखक आणि निर्माते म्हणून बसलेले होते. म्हणजे ज्यांनी पुस्तकं लिहिली त्यांनीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. पुस्तकातल्या बुल, सॅम, मिचिओ पा अशा तिघाचौघांचं काम एकत्र करून मालिकेतली ड्रमर उभी केली. पुस्तकातला ॲशफर्ड हलक्या काळजाचा आहे, मालिकेतला म्हातारा लांडगा आहे. मला दुसरा जास्त आवडतो. पुस्तक पवित्र आणि मालिका बाटलेली, असं मानणाऱ्यांशी माझं कधी जमलं नाही.

आता जे सांगायला खरं तर बसले ते. २०२०च्या लॉकडाउनमध्ये मी सोलापूरला घरी परतले आणि मालिका पहिल्यापासून लावली, मोठ्या टीव्हीवर. नान्ना म्हणजे माझे वडील. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात त्यांची तीसेक वर्षं गेली. मागाच्या खडखडाटाने कान गेलेत. मशीन लावून देते म्हटलं तर नको म्हणतात. टीव्ही त्यांना ऐकू येत नाही, ते बघतात.

सेरेसवरचा कुठलातरी प्रसंग चालू होता. बेल्टर बोलताना हात हलवत होते. नान्ना पुढे सरकले आणि तेलुगूत विचारलं, ही माणसं मागावर होती का?

मला आधी कळलंच नाही काय विचारतायत. मग त्यांनी हात वर केला आणि दाखवायला लागले. शेडमध्ये वीस-पंचवीस माग एका वेळी चालू असले की ओरडूनही काही ऐकू जात नाही. सगळं हातावर. दोन बोटं कात्रीसारखी केली म्हणजे धागा तुटला. मूठ वळवली म्हणजे माग थांबव. अंगठा तोंडाशी म्हणजे चहा आला. तळहात डोक्यावर सपाट धरला म्हणजे मालक शेडमध्ये शिरलाय. मी लहानपणापासून नान्नांना घरी असे हात करताना बघितलंय. जेवायला वाढू का म्हटलं तर हाताने थांबवतात, तोंडाने नाही. मला ती त्यांची सवय वाटायची. ती त्यांच्या शेडची भाषा होती हे मला त्या दिवशी कळलं, सेरेसवरच्या माणसांमुळे.

आणि बेल्टरांचे हात तसे का, त्याचं कारण पुस्तकात दिलेलं आहे. अवकाशातला सूट घातला की मान हलवलेली दिसत नाही, खांदे उडवलेले दिसत नाहीत. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सूटमध्ये काम केलेल्यांनी ‘हो’ सुद्धा मुठीने म्हणायचं ठरवलं, आणि ते सूट काढल्यावरही सुटलं नाही. नान्नांचं तेच. माग बंद होऊन सात वर्षं झाली होती तेव्हा, हात बंद झाले नव्हते.

त्यांना इंग्रजी येत नाही, ऐकू येत नाही, गोष्टीतलं ते गूढ प्रोटोमॉलिक्यूल काय ते मी कधी समजावू शकले नाही. तरी सहाही सीझन बघितले. शेवटचा भाग २०२२च्या संक्रांतीला आला, १४ जानेवारीला. तिळगूळ वाटून झाल्यावर आम्ही दोघं बसलो. ड्रमर आली की ते मला कोपराने ढोसायचे, बोलते बघ ही. तिचं बोलणं त्यांना ऐकू येत नव्हतं. हात दिसत होते.

तर पुस्तकं की मालिका. मालिका आधी. निदान तीन सीझन आधी, मग पहिलं पुस्तक उघडा. बेल्टरांचं बोलणं एकदा कानात बसलं की पुस्तकातले विखुरलेले शब्दही त्या आवाजात वाचले जातात. उलट केलंत तर डोळे त्यांच्यावरून घसरतात, माझ्या रूममेटचे घसरले तसे. शिवाय पहिल्या पुस्तकात फक्त होल्डन आणि मिलर यांची प्रकरणं आळीपाळीने आहेत. पृथ्वीच्या सरकारातली मुत्सद्दी अवासराला पुस्तकात दुसऱ्या खंडात येते, मालिकेत पहिल्या भागापासून आहे. तिचं काम करणाऱ्या शोहरे अगदाश्लूचा तो घोगरा आवाज आणि साड्या डोक्यात घेऊन ‘कॅलिबन्स वॉर’ हे दुसरं पुस्तक वाचण्यात वेगळीच मजा आहे.

पुस्तकाची जागा मात्र मालिका घेत नाही, हेही लिहून ठेवते. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेले बेल्टर पुस्तकात फार उंच आणि काटकुळे आहेत, चार पावलांवरून ओळखू येणारे. एवढे नट तसे कुठून आणणार? मालिकेने ते पहिल्या भागात एका कैद्यापुरतं दाखवलं, ज्याला पृथ्वीवर आणल्यावर स्वतःच्या वजनानेच यातना होतात. तो प्रसंग नुसता क्रूर म्हणून बघू नका, बाकीच्या सगळ्यांच्या अंगातही तेच आहे असं धरून चाला. आणि एक पात्र मालिकेत मध्येच जातं, पुस्तकात पुढे जगतं. नाव सांगत नाही.

सीझन सहाच का, तर सायफाय वाहिनीने २०१८ मध्ये तिसऱ्यानंतर बंद केली, चाहत्यांनी ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून विमानाने फलक उडवून मागणी केली, आणि ॲमेझॉनने पुढचे तीन केले. सहावा तर सहाच भागांचा. त्यात एका दूरच्या ग्रहावरची लहान मुलगी आणि विचित्र कुत्रे दिसतात, ते धागे तसेच लोंबकळत राहतात. ते ‘स्ट्रेंज डॉग्ज’ या लघुकादंबरीतून आलंय आणि त्याचं पुढचं सगळं सातव्या, आठव्या, नवव्या पुस्तकात आहे. मालिका तिथवर गेलीच नाही, त्यामुळे ही तीन वाचावीच लागतील. मध्ये जवळपास तीस वर्षं उलटतात, तयारी ठेवा.

ऑडिओ इंग्रजी ठेवा, सबटायटल चालू ठेवा, आणि चौथा भाग परत पहिल्या मिनिटापासून लावा. भाषा चार-पाच भागांत कानात बसते. नाही बसली तर इथेच परत लिहा, शब्दांची यादी करून देईन.

आणि सातवं पुस्तक, ‘पर्सेपोलिस रायझिंग’, २०१७चं. त्यात ड्रमर आहे. नुसती आहे असं नाही, तिच्या नावाची, तिच्या डोळ्यांतून सांगितलेली अख्खी प्रकरणं आहेत. रूममेटने ते वाचलेलं होतं. मी त्या रात्री तीनच पुस्तकांवर होते, म्हणून ‘ड्रमर पुस्तकात एवढी नाहीच’ हे ऐकून गप्प बसले.