लसींचं कार्ड अपुरं आहे, लसीतून सूट मागायच्या फॉर्मवर सही करून टाकू का?

प्रश्न : ताई, आम्ही नुकतेच पुण्याहून टेक्सासला आलोय, डॅलसजवळ. मुलगी पाच वर्षांची, ऑगस्टमध्ये किंडरगार्टन सुरू होतंय. महापालिकेच्या दवाखान्यातलं कार्ड दाखवलं तर शाळा म्हणते बऱ्याच लसी कमी आहेत. शेजारीण म्हणाली कशाला डोकेफोड, कॉन्शन्सचा (म्हणजे विवेकाला पटत नाही म्हणून लसीतून सूट मागायचा) फॉर्म भरा, नोटरी करा, झालं काम. आमचा लसींना विरोध अजिबात नाहीये, फक्त अॅडमिशन अडायला नको. चालेल का?

उत्तर : नका करू हो असं. कायद्याने चालतं, टेक्सासमध्ये २००३ पासून ही सोय आहे (कॅलिफोर्नियाने २०१६ पासून अशी सूट आणि न्यूयॉर्कने २०१९ ला धार्मिक कारणाची सूट बंद केली, दोन्हीकडे गोवराची साथ आल्यावर). पण ते शपथपत्र आहे, आमच्या विवेकाला लस पटत नाही असं तुम्ही लिहून देणार आणि ते तर खोटं आहे ना. शिवाय साथीची आणीबाणी जाहीर झाली तर सूट घेतलेल्या मुलांना शाळेत येऊ देत नाहीत, तेही त्यातच असतं.

आणि साथ ही काही लांबची गोष्ट नाही. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासमध्ये गोवराच्या ७६२ केसेस झाल्या, शाळेच्या वयाची दोन मुलं गेली, दोघांनाही लस दिलेली नव्हती. सुरुवात झाली त्या गेन्स काउंटीत किंडरगार्टनच्या जवळपास १८ टक्के मुलांची सूट होती, आणि गोवर पसरू नये म्हणून साधारण ९५ टक्के मुलांना लस लागते. यातले काही फॉर्म तुमच्यासारखेच निव्वळ सोयीसाठी भरलेले असतील, हा विचार मला फार छळतो.

आता कार्डाचं बघू, कारण मला वाटतं अर्धा घोळ तिथेच आहे. आपल्याकडे एमआरचा (गोवर-रुबेला) पहिला डोस नऊ महिन्यांना देतात, तिकडे पहिल्या वाढदिवसाआधीचा डोस धरतच नाहीत, आणि एमआरमध्ये गालगुंडाची लस नसते, त्यांना एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लागते. कांजिण्या आणि हेपटायटिस ए आपल्या सरकारी यादीत नाहीत, त्या खाजगीत घेतल्या नसतील तर नव्याने घ्याव्या लागतील. पेंटा लिहिलंय तिथे मात्र सांगा की यात डीपीटी, हेपटायटिस बी आणि हिब तिन्ही आलं, नाहीतर उगाच परत टोचतील. आणि तारखा! आपण ५/८ म्हणजे पाच ऑगस्ट लिहितो, ते आठ मे वाचतात, त्यामुळे महिन्याचं नाव अक्षरात लिहून एक स्वच्छ प्रत काढा.

पीडियाट्रिशियनची अपॉइंटमेंट आजच घ्या. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी देता येते, वेगवेगळ्या दिवशी दिल्या तर मध्ये निदान २८ दिवस जावे लागतात, म्हणून एकदमच घ्या. सगळे डोस पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही, प्रत्येक लसीचा किमान एक डोस झाला आणि पुढचे वेळेवर चालू असले की शाळा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, प्रवेश देऊ शकते, ऑफिसात 'प्रोव्हिजनल' हाच शब्द वापरून विचारा. इन्शुरन्स अजून सुरू झाला नसेल तर व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन या सरकारी योजनेत लस फुकट मिळते, काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटला फोन करा.