जुन्या मॉरिस मायनर गाडीचा हीटर-ब्लोअर (गरम हवेचा पंखा) कधी चालतो, कधी नाही. स्विच बदलावा की दुरुस्त करावा?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या मायनरचा ब्लोअर स्विच अंगठ्यानं दाबून धरला तरच फिरतो, आणि मेकॅनिक म्हणतो, "मुंबईत हीटर कशाला? वायर कापून टाका."

कापू नका हो. जुलैत, धो धो पावसात, चार माणसं आत आणि काचा वर करून दादर ते गिरगाव जाऊन बघा. समोरची काच आतून पांढरी होते. मी एक अख्खा पावसाळा डाव्या हातात फडकं धरून काढलाय. इंजिनाचं गरम पाणी हीटरला सोडणारा कॉक थोडा उघडून कोमट हवा काचेवर सोडली की वाफ उतरते. पावसाळा सरला की कॉक बंद.

तुमच्या वर्णनावरून स्विचच्या आतले कॉन्टॅक्ट (एकमेकांना टेकून करंट जोडणाऱ्या पट्ट्या) गेलेत असं वाटतं, पण आधी खात्री करा. वायपर आणि ब्रेक लाइट ब्लोअरच्याच फ्यूजवर असतात. ते चालत असतील तर फ्यूज शाबूत. मग इग्निशन चालू करून स्विचमागच्या दोन टोकांना, म्हणजे हिरवी आणि हिरवी-पिवळी वायर जिथे येतात तिथे, जाड वायरचा तुकडा लावा. ब्लोअर जोरात फिरला तर दोष स्विचचा. तरीही रडतरडत फिरला तर मोटर किंवा अर्थिंग बघा. ही पायरी मी गाळली होती आणि नवा स्विच दोन महिन्यांत काळा पडला. जाम झालेली मोटर जास्त करंट ओढते, त्यात कॉन्टॅक्ट जळतात. मोटर काढून ब्रशची (आतल्या कार्बनच्या तुकड्यांची) काजळी साफ केली, बुशला (दांडा फिरतो त्या कडीला) तेलाचा एक थेंब दिला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं.

स्विच काढण्याआधी बॅटरीची बॉडीला जोडलेली केबल सोडा. मूळ वायरिंग असेल तर ती प्लसची निघेल. दचकू नका, या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या. मल्टीमीटरची काळी वायर बॉडीला लावली की उणे चिन्ह दिसतं तेही त्यामुळेच. कुणी नंतर वायरिंग उलटं करून घेतलं असेल तर गोष्ट वेगळी.

स्विच बंद धरून ठेवणारे पत्र्याचे दुमडलेले कान हळूच उचला. स्विचचं बेकेलाइट (जुन्या काळचं कडक प्लास्टिक) जुनं झालं की बिस्किटासारखं तुटतं. आणि हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा! माझी स्प्रिंग उडाली ती सोफ्याखाली, चाळणीनं केर चाळून सापडली. तांब्यावर हिरवा थर दिसेल, समुद्राच्या हवेची कृपा. बारीक पॉलिश पेपरनं तो काढा, कॉन्टॅक्ट क्लीनरनं पुसा, जुनं चिकट ग्रीस खरवडून किंचित व्हॅसलीन फक्त सरकत्या भागाला लावा. कान पुन्हा दाबताना घाई नको.

फ्यूजबद्दल एक सांगतो. फ्यूजच्या डब्यात ३५ अँपिअरचा मूळ ल्यूकस कंपनीचा फ्यूज असतो, पण ३५ हा उडण्याचा आकडा. सतत तो जेमतेम १७ अँपिअर झेलतो. म्हणून दुकानातून आजकालचा ३५ चा आणून बसवू नका, वायर आधी वितळेल.

कॉन्टॅक्ट झिजून पातळ झालेच असतील तर जुना स्विच खिशात घालून ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे जा. तोंडी वर्णन केलंत तर ते भलताच काढून देतील.