टी-शर्टचा घोळ आणि अण्णांचा बेदाणा

पत्र तासगाव तालुक्यातल्या एका मुलीचं आहे. सांगलीत एसवाय बीबीएला शिकते, रोज एसटीने ये-जा, घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड. पत्र मोठंय म्हणून थोडक्यात देते. ती लिहिते, "मॅडम, दोन वर्षांत मी खूप बदलले असं सगळे म्हणतात. आधी वर्गात उभं राहून नाव सांगताना पाय कापायचे, आता प्रेझेंटेशन देते. कॉन्फिडन्स, टाइम मॅनेजमेंट, टीमवर्क, कम्युनिकेशन सगळं सुधारलं. पण रात्री एसटीतून येताना वाटतं, मी नुसते इंग्लिश शब्द शिकले का? फेयॉलची मॅनेजमेंटची 14 तत्त्वं पाठ आहेत पण कॉलेजच्या फेस्टला 120 टी-शर्टची ऑर्डर मला नीट देता आली नाही. अण्णा म्हणतात शेड चालवायला डिग्री लागते का. एमबीए करू का नोकरी बघू? आणि आपण खरंच काही शिकलोय हे ओळखायचं कसं?"

बाळ, तुझं पत्र वाचून झाल्यावर मी परत मागे जाऊन एकच भाग वाचला, तो टी-शर्टचा. कॉन्फिडन्स, टीमवर्क वगैरे चार शब्द तू वर मोठ्या अक्षरात लिहिलेस आणि टी-शर्टची पूर्ण गोष्ट शेवटी ता.क. म्हणून टाकलीस, जणू ती सांगायला नको होती. माझ्याकडे वर्षाला शेकडो मुलांचे बायोडाटा येतात, त्या सगळ्यांवर ते चार शब्द असतातच, त्यामुळे त्यावरून मला कोणाबद्दल काहीच कळत नाही. टी-शर्टवरून मात्र मला तू बरीच कळलीस.

तू लिहिलंयस की साइजची यादी तू ज्युनियरला दिलीस, दोन दिवसांनी स्पोर्ट्स सेक्रेटरीने त्याला व्हॉट्सअॅपवर दुसरी यादी पाठवली, त्याने विचारलं यातली कुठली धरू, तू तेव्हा स्पॉन्सरच्या मागे पळत होतीस आणि "अरे तू बघ ना जरा" म्हणालीस. मग एक्सएल ढीगभर आले, एम कमी पडले, आणि फेस्टच्या सकाळी तू त्याला सगळ्यांसमोर झापलंस. संध्याकाळी फोन चाळताना कळलं की चुकीची यादी तुझीच होती, जुनी. तो कमिटी सोडून गेला, आणि कॅन्टीनमध्ये दिसला की तू रस्ता बदलतेस.

आता फेयॉलकडे ये. तुझ्या पुस्तकात त्याचं चौथं तत्त्व काय आहे? युनिटी ऑफ कमांड, म्हणजे एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. परीक्षेत तू त्याला पाचपैकी पाच मार्क मिळवले असशील. त्या पोराला दोन ठिकाणांहून दोन हुकूम आले आणि कुठला पाळायचा हे सांगायला कोणी नव्हतं, हेच ते तत्त्व, फक्त पुस्तकात त्याच्याशेजारी एक्सएलचा ढीग काढलेला नसतो. तुम्हाला शिकवताना एक गोष्ट बहुतेक वेळा राहून जाते की हा फेयॉल काही प्रोफेसर नव्हता, खाणीतला इंजिनियर होता. 1860 साली फ्रान्समधल्या कोमॉन्त्रीच्या कोळसा खाणीत कामाला लागला, 1888 मध्ये कंपनी बुडायला आली होती तेव्हा ती त्याच्या हातात दिली, त्याने ती वर काढली, आणि मग 1916 मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीला, आपल्याला काय कळलं ते लिहून काढलं. म्हणजे आधी पन्नासेक वर्षं काम आणि मग 14 मुद्दे. तुमच्याकडे ते उलटं येतं, आधी 14 मुद्दे पाठ करायचे आणि काम नंतर कधीतरी, त्यामुळे ते नुसते शब्द वाटतात, आणि त्यात तुझा दोष अजिबात नाही.

म्हणून तू विचारलंस ना की शिकलो हे ओळखायचं कसं, तर माझ्या मते एखादी चूक झाल्यावर ती नेमकी कुठल्या जागी झाली हे तुला बोट ठेवून दाखवता येतं का, हे बघ. "कम्युनिकेशन गॅप झाला" हे उत्तर मी धरत नाही, त्यात कोणाचंच नाव येत नाही. "त्याने मला विचारलं तेव्हा मी दोन मिनिटं थांबून यादी बघितली नाही" हे उत्तर मी धरते. हे तुला पत्र लिहिता लिहिता सापडलंय, मी काही वेगळं सांगितलेलं नाही.

आणि आता जरा अवघड काम सांगते. त्या मुलाकडे जा. मेसेज नको, समोर जा, आणि जमलं तर कमिटीतले दोघंतिघं असतानाच बोल, कारण झापलं होतंस ते सगळ्यांसमोर. लांबण लावू नकोस, "यादी माझी चुकली होती, बोलले तुला, ते चुकलं" एवढंच. त्याने परत कमिटीत यावं ही अपेक्षा ठेवू नकोस, तो नाही आला तरी चालेल. मी हे इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. मी पंचविशीत एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला होते, ड्रॉइंगची जुनी कॉपी माझ्या टेबलावर राहिली आणि एक अख्खा लॉट रिजेक्ट झाला, मी ऑपरेटर काकांना बोलले, साहेबांनी त्यांचा दिवस मारला. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी गप्प बसले. काका पुढे रिटायर झाले आणि गावी गेले, आणि मला आजही कारखान्याची शिट्टी ऐकू आली की त्यांचा डबा आठवतो, स्टीलचा, झाकणाला दोरा बांधलेला. तुझ्याकडे अजून वेळ आहे, तो कॅन्टीनमध्येच बसतो.

आता अण्णा. त्यांच्या बोलण्याचा तुला राग आलाय हे पत्रात दिसतंय, पण मला त्यांचा प्रश्न रास्त वाटतो, आणि त्याचं उत्तर द्यायला तुझ्याइतकी चांगली जागा दुसऱ्या कोणाची नाही. बघ, शेडवर काय काय होतं. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा उतरतो, माल डिपिंग करून (द्रावणात बुडवून) रॅकवर टाकला की पंधरा-वीस दिवस जीव टांगणीला, मार्चमध्ये एक पाऊस आला की माल काळा पडतो, बायका कधी बोलवायच्या, कागद कधी झाकायचा, जाळीवर साफ करणं आणि धुणं कधी, बॉक्स भरून कोल्ड स्टोरेजला कधी लावायचे, तासगावच्या सौद्याला (लिलावाला) काढायचे का सांगलीच्या. प्लॅनिंग, स्टाफिंग, कंट्रोलिंग जे काही तू पाठ केलंस ते अण्णा ते शब्द न वापरता करतायत. पण एका ठिकाणी माझ्या अनुभवात बहुतेक शेतकरी अंदाजाने चालतात, ते म्हणजे माल किती दिवस ठेवायचा. "दिवाळीपर्यंत थांबू, रेट येईल." तिथे तुझी डिग्री कामाला येते.

हिशोब करून दाखवते, आकडे मी धरून चाललेय, तू खरे घाल. समज कोल्ड स्टोरेजला 5 टन बेदाणा आहे आणि आज सौद्यात 160 रुपये किलो मिळतोय, म्हणजे 8 लाखांचा माल. अण्णांनी घेतलेल्या कर्जाचं व्याज वर्षाला 12 टक्के धर, म्हणजे महिन्याला 8 हजार. स्टोरेजचं भाडं किलोला महिन्याला 60 पैसे धरलं तर 3 हजार. झाले 11 हजार, म्हणजे किलोमागे महिन्याला 2 रुपये 20 पैसे नुसते थांबण्याचे. चार महिने थांबलात तर 8 रुपये 80 पैसे. म्हणजे चार महिन्यांनी 168 रुपये 80 पैशाला विकला तरी अण्णांच्या हातात आजच्यापेक्षा एक पैसा जास्त येणार नाही, वर सौद्यातली तूट वेगळीच. अण्णांना मात्र वाटेल आपण किलोला जवळजवळ नऊ रुपये जास्त मिळवले. हे तुमच्या पुस्तकात कॅरीइंग कॉस्ट म्हणून येतं, इन्व्हेंटरीच्या धड्यात. तुमच्या नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आलाय ना, त्यात वर्गातली निम्मी मुलं कुठल्यातरी मॉलचा कस्टमर सॅटिस्फॅक्शन सर्व्हे करतात, गुगल फॉर्म मित्रांकडूनच भरून घेतात. तू तो करू नकोस. तुमच्या आणि शेजारच्या चार-पाच शेडच्या मागच्या तीन हंगामांच्या पावत्या गोळा कर, कुठला माल कधी लावला, कधी काढला, काय रेट मिळाला, हातात काय आलं. मॅडम-सरांना आधी सांगून ठेव, म्हणजे ऐनवेळी टॉपिक बसत नाही असं व्हायला नको.

आणखी एक. शेडवर येणाऱ्या बायकांशी बोल, दुसरीकडे रोज थोडा जास्त मिळत असताना त्या तुमच्याकडेच का येतात हे विचार (का येत नाहीत, हेही). तुम्हाला हॉथॉर्नचे प्रयोग आहेत, शिकागोजवळच्या कारखान्यात 1924 ला दिव्यांचा उजेड कमीजास्त करून सुरू झालेले, ज्यातून लक्ष दिलं की माणसं वेगळं काम करतात हे पुढे आलं. त्या निष्कर्षांवर नंतर बऱ्याच लोकांनी शंका घेतल्या, तेही वाच. पण तुमच्या शेडवर एखादी मावशी "अण्णा चहाला कधी विसरत नाहीत" म्हणाली तर ते प्रोजेक्टमध्ये जसंच्या तसं मराठीत लिही.

एमबीएबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे फार घोळ घालण्यासारखं नाही. डिग्री झाल्या झाल्या एमबीएला जायची घाई करू नकोस, दोन वर्षं नोकरी कर, अशी नोकरी जिथे पहिल्या सहा महिन्यांत एखादी छोटी का होईना गोष्ट तुझ्या नावावर असेल, एक डेपो, एक रूट, एक गोडाऊन. नाव मोठं पण दिवसभर एक्सेल शीट पुढे ढकलायची, अशी नको. दरम्यान कॅट (आयआयएमची प्रवेश परीक्षा) आणि राज्याची एमबीए सीईटी दोन्ही दे. कॅटला साधारणपणे ग्रॅज्युएशनला 50 टक्के लागतात, राखीव वर्गातल्या काही गटांना 45, आणि फॉर्म भरायला अनुभवाची अट नाही, पण दोन वर्षं काम केलेली मुलं इंटरव्ह्यूला बोलतात वेगळी, हे मी पाहिलंय. सीईटीतून मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमची मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, पुण्यात विद्यापीठाचा मॅनेजमेंट विभाग पुंबा, अशा जागा मिळतात आणि तिथली फी मोठ्या आयआयएमच्या मानाने बरीच कमी आहे. आयआयएम अहमदाबादला दोन वर्षांचे 20 लाखांच्या वर जातात. वाटेत कुठल्यातरी अनोळखी कॉलेजवाल्याचा फोन येईल, "मॅडम सीट शिल्लक आहे, शंभर टक्के प्लेसमेंट", त्याला बळी पडून बाग गहाण टाकायची नाही, हे मी अण्णांनाही सांगेन, फोन करायला सांग त्यांना.

आणि पाय कापायचे ते थांबलं, हे तू एका ओळीत उरकलंस, तर ते मला मोठं वाटतं हो. शिकणाऱ्या पहिल्या पिढीची मुलगी, रोज पाऊण तास एसटी, आणि परक्या भाषेत उभं राहून बोलायचं. त्याला कॉन्फिडन्स हा शब्द पुरत नाही. कधी थांबले पाय, कुठल्या दिवशी, कोणता विषय होता, समोर कोण बसलं होतं, ते आठवून लिहून ठेव, पुढे इंटरव्ह्यूला "टेल मी अबाउट युवरसेल्फ" आलं की तेच सांग.

पावत्यांचं आजच सुरू कर. अण्णा जेवून ओसरीवर बसले की जा, मोबाईल आत ठेवून वही घेऊन जा, मोबाईल बघितला की त्यांना वाटेल पोरगी टाइमपास करतेय. आधी हिशोब दाखवू नकोस, 168 चा आकडा तर अजिबातच नको. मागच्या वर्षी माल कधी काढला आणि का काढला एवढंच विचार, आणि ते सांगतील तसं लिहून घे.