पँडेमिक या सगळ्यांनी मिळून रोगांच्या साथी रोखायच्या सहकारी बोर्ड गेममध्ये एकच जण सगळ्यांच्या चाली ठरवतो. तुमच्या संग्रहात अलीकडे आलेल्या बोर्ड गेमपैकी यावर उतारा होईल असं काही आहे का?

आहे, दोन आहेत. पँडेमिक (2008) गेम म्हणून उत्तमच, पण त्यात सगळं टेबलावर उघडं असतं आणि बोलायला कसलीच आडकाठी नाही. मग ज्याचं डोकं जोरात चालतं तो "तू या शहरात जा, तू लस शोध" करत सुटतो आणि बाकीचे नुसत्या सोंगट्या सरकवतात. अशा माणसाला समजावून काही होत नाही. गेमनेच त्याचं तोंड बंद केलं पाहिजे.

स्काय टीम हा फक्त दोघांचा. एक पायलट, दुसरा को-पायलट, आणि विमान धावपट्टीवर उतरवायचं. फेरीआधी काय ठरवायचं ते ठरवा. फासे पडले की चूप! प्रत्येकाचे चार फासे आपापल्या पडद्याआड, आणि आळीपाळीने एकेक फासा पॅनेलवर ठेवायचा. विमानाचा तोल आणि इंजिन या दोन ठिकाणी दोघांनाही दर फेरीत फासा द्यावाच लागतो. तोलाच्या जागी दोन फाशांत जितका फरक, तितकं विमान कलतं. फार कललं की खेळ खलास. आता तुमच्याकडे एक सहा आहे. तो तोलावर ठेवला तर समोरच्याकडे मोठा फासा आहे का, हे विचारायची सोय नाही. त्यामुळे कोणता फासा आधी कुठे टाकता, हाच तुमचा निरोप. एखादा फासा कॉफीवर खर्च केला तर पुढे कधीतरी एखाद्या फाशाचा आकडा एकाने बदलता येतो. ती कॉफी ऐनवेळी जीव वाचवते. 2024 चा श्पील देस यारेस, म्हणजे जर्मनीतला वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा पुरस्कार, याला मिळाला, तो योग्यच वाटतो.

द क्रू हा पत्त्यांचा. हात करायचे, रंग पाळायचा, रॉकेटची पानं म्हणजे हुकूम, इतकं ओळखीचं. फरक असा, की सगळे एका बाजूला. "हिरवा सात असलेला हात अमक्यानेच करायचा" अशी कामं वाटलेली असतात आणि एक जरी चुकलं तरी सगळे हरतात. एका डावात प्रत्येकाने फार तर एकदाच आपलं एक पान उघडं करायचं आणि त्यावर चकती ठेवायची: वर ठेवली तर त्या रंगातलं माझं सर्वांत मोठं, खाली तर सर्वांत लहान, मध्ये तर एकुलतं एक. एवढंच बोलणं. शहाणा माणूस इथेही असतोच, पण त्याला नजरेने खुणावणंही मना. त्याची तगमग बघण्यासारखी असते.

कॅस्केडिया हा प्राणी आणि त्यांचे अधिवास जुळवायचा गेमही आलाय, तो सहकारी नाही. पण त्यात प्रत्येकाला स्वतःचीच अस्वलं आणि ससाणे जुळवताना पुरेवाट होते, दुसऱ्याला शिकवायला सवड कुणाला! दमलेल्या संध्याकाळी तोच निघतो.

ब्रास बर्मिंगहॅम हा औद्योगिक क्रांतीच्या काळातले उद्योग उभारायचा गेमही घेतलाय. कालव्यांचं युग, म्हणजे खेळाचा पहिला भाग, संपताना आपणच बांधलेले कालवे पटावरून उचलावे लागतात, ते दुःख मला फार आवडतं. पण नियम सांगण्यातच बराच वेळ जातो, तेव्हा तुम्हाला आत्ता तरी सुचवणार नाही.

बहुतेक वेळा दोघंच खेळत असाल तर स्काय टीम डोळे झाकून घ्या. क्रू दोघांत जमतो, पण एका काल्पनिक तिसऱ्याची पानं सांभाळावी लागतात आणि मजा निम्मी होते. तीन ते पाच जण जमत असतील तर मात्र क्रूच. त्यातही अंतराळाच्या मूळ आवृत्तीऐवजी समुद्रतळाची, म्हणजे मिशन डीप सी घ्या. तिच्यात कामांचे प्रकार जास्त आहेत, त्यामुळे डाव तोचतोच वाटत नाही.