आईचं किंवा वडिलांचं नाव मतदार यादीतून काढताना तुम्हाला काय वाटलं होतं? श्रद्धेचा काही उपयोग झाला का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वडील जाऊन सहा महिने झाले, बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारे केंद्रस्तरीय अधिकारी) दोनदा दारावर येऊन गेले, पण फॉर्मवर सही करायला हात उचलत नाही. आणि एक ख्रिस्ती मित्र 'देवाची इच्छा होती' म्हणतो, त्याचा तुम्हाला रागच येतो.

मी नागपूरची. सदरमध्ये राहते, ख्रिस्ती आहे, शाळेत शिकवते, आणि अकरा वर्षं बीएलओ होते. म्हणजे तुमच्या दारावर फॉर्म घेऊन उभी राहणारी ती बाई मीच, असं समजा.

आधी तुमच्या मित्राचं. राग आला तर येऊ द्या. माझी आई गेली तेव्हा मलाही हेच वाक्य आठवडाभर ऐकावं लागलं, आणि म्हणणारे सगळे आमच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले होते. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे मित्र त्याला भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. आमच्याकडे त्या आठवड्यात सगळ्यात शहाणी ठरली ती शेजारची काकू. ती बौद्ध आहे, इंदोऱ्याची माहेरवाशीण. रोज संध्याकाळी वरण-भाताचा डबा ओट्यावर ठेवायची, सकाळचा रिकामा डबा उचलायची आणि जायची. देवाचं नाव एकदाही काढलं नाही तिनं.

आता फॉर्मचं. तो नमुना ७, आमच्या बोलण्यात 'सात नंबर'. घरातल्या मयत माणसाचं नाव वगळायला बहुतेक घरच्याच मतदारानं भरायचा, सोबत मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स. मी हे फॉर्म किती भरून घेतले याचा हिशोब नाही. एका बीएलओकडे हजार-बाराशे नावं असतात आणि दरवर्षी त्यातली काही जातातच. वरून विचारणा येते, 'मयत किती वगळले?' मग उन्हातान्हात दारं वाजवायची. गड्डीगोदाममध्ये एका म्हाताऱ्याचा तरुण मुलगा गेला होता. मी फॉर्म पुढे केला आणि म्हटलं, 'काका, इथं सही करा ना पटकन.' त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'काऊन घाई करता मॅडम? तो का मत द्याले येऊन रायला?' मी त्यांना बोगस मतदानाचं समजावून सांगितलं. मयताचं नाव राहिलं की कोणी दुसरा त्या नावावर मत टाकू शकतो वगैरे. सगळं खरंच होतं. त्यांनी सही केली. ते 'पटकन' मात्र मला अजून टोचतं.

माझी आई नर्स होती. अचलपूरकडची, बोलणं शेवटपर्यंत वऱ्हाडी. मिशनच्या दवाखान्यात नोकरी करून १९९६ साली निवृत्त झाली. मतदान तिला उपासनेसारखं होतं: आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, पहिल्या दहा जणांत. तिचं मतदार कार्ड निवडणूक आयुक्त शेषन यांच्या काळातलं, काळपट फोटोचं, आणि त्यावर आमच्या आडनावातली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व पडलेली. मी स्वतः बीएलओ. आठ नंबरचा फॉर्म भरला की दुरुस्ती होते, हे तिला शंभरदा सांगितलं. ती म्हणायची, 'मत पडते ना? मंग.' कार्ड ती बायबलच्या चेनवाल्या कव्हराच्या खिशात ठेवायची. त्याच खिशात झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या) मिळालेला, वाळून पिवळा पडलेला पानाचा क्रूस, विजेचं बिल आणि बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी.

२०२४ च्या लोकसभेला ती ८६ वर्षांची होती. त्या वेळी ८५ च्या वरच्या मतदारांना घरून मत देता येत होतं, १२-डी नावाचा फॉर्म भरून. नागपूरचं मतदान १९ एप्रिलला, त्याच्या आधीच टीम घरी आली. शिवणयंत्राच्या टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. व्हिडिओ काढणारा पोरगा जरा वाकला तर आई म्हणाली, 'तू तिकडं तोंड कर बापा.' पत्रिका लहान पाकिटात, लहान पाकीट मोठ्या पाकिटात. तिनं चिकटवलेल्या कडेवरून अंगठा दोनदा फिरवला, इंजेक्शन दिल्यावर कापूस दाबतात तसा. ते लोक गेल्यावर तोंड वाकडं करून म्हणाली, 'मजा नाही आली. लाईन नाही, काही नाही.'

विधानसभेच्या वेळी, नोव्हेंबरमध्ये, ती दवाखान्यात होती. फुप्फुसात पाणी. मत राहिलं, आणि त्याची तिला खंत होती हे मला दिसत होतं. २० नोव्हेंबरला माझी ड्युटी. आम्ही बीएलओ त्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून बसतो, यादीत नाव शोधून देतो. सूट मागितली असती तर मिळाली असती, असं मला आजही वाटतं. मी मागितली नाही. अर्धं कारण कर्तव्य. उरलेलं अर्धं खरं सांगायचं तर त्या खोलीतून एक दिवस सुटका हवी होती. आईला विचारलं तर म्हणाली, 'जाय ना तू. इथं बसून का माह्यासाठी श्वास घेशीन?' मी गेले. संध्याकाळपर्यंत लोकांना त्यांचे अनुक्रमांक सांगत बसले. अकरा दिवसांनी, १ डिसेंबरला, आगमनकाळाच्या (नाताळच्या आधीच्या तयारीच्या दिवसांच्या) पहिल्या रविवारी पहाटे ती गेली.

त्या एका दिवसाचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. आमच्या पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना सांगितलं तेव्हा त्यांनी क्षमेचं वचन काढलं नाही, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी विचारलं, 'त्या दिवशी आईला कोणी भरवलं?' मी म्हटलं, भावानं. 'मग त्याला एकदा विचारा, कसा गेला तो दिवस.' मी विचारलं. भाऊ म्हणाला, दुपारभर ती विचारत होती, टक्का किती झाला.

जरीपटक्याच्या दफनभूमीत माती दिली. आमच्या विधीत 'मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ' म्हणताना पाळक पेटीवर तीनदा माती टाकतात आणि मग सगळे मूठमूठ टाकतात. नागपूरची काळी माती डिसेंबरात कोरडी असते, ढेकळं पेटीवर पडताना आवाज येतो. ज्यांनी तो ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. संध्याकाळी पाळकांनी दफनाच्या नोंदवहीत तिचं नाव, वय, तारीख लिहिली आणि मला सही करायला सांगितली. मी तेव्हा लगेच केली. चर्चच्या वहीत सही जमली आणि सरकारच्या कागदावर आठ महिने जमली नाही, हे मला पुढे फार विचित्र वाटलं.

वहीवरून आठवलं. १९७० साली २९ नोव्हेंबरला सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, ते आमच्याच नागपुरात. आई तेव्हा बत्तीस वर्षांची होती आणि त्या गर्दीत होती. ती सांगायची, 'काल झोपलो तवा एका चर्चचे होतो, सकाळी दुसऱ्याच नावाचे.' यादी बदलली म्हणून माणूस बदलत नाही, एवढं तिला त्यातून पक्कं कळलेलं असावं.

त्या वर्षीचा नाताळ आई गेल्यावर चोवीस दिवसांनी आला. उपासनेत एक नववीतला मुलगा बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूच्या जन्माचा, वाचत होता. कैसराचा, म्हणजे रोमच्या सम्राटाचा हुकूम सुटला, सगळ्यांची नावनिशी लिहायची, म्हणून योसेफ गरोदर मरियेला घेऊन बेथलेहेमला निघाला. हा उतारा मी पन्नास वर्षं ऐकतेय. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, बेथलेहेमचा बीएलओ कोण असेल? सराईत जागा नाही, गावात गर्दी, आणि वरून विचारणा, 'नावं किती झाली?' मला हसू आलं, आणि हसता हसता जे रडू फुटलं ते दफनाच्या दिवशीही फुटलं नव्हतं. भावजयीनं बाहेर नेलं. (शास्त्रात शिरगणतीचं फक्त कौतुकच आहे असं नाही हं. दावीद राजानं स्वतःच्या मोठेपणासाठी लोक मोजले ते देवाला अजिबात आवडलं नव्हतं. हे आमच्या पाळकांनी मला नंतर आठवण करून दिलं, मी बीएलओगिरीला फारच पवित्र करायला लागले म्हणून.)

तोपर्यंत बीएलओचं काम माझ्याकडून गेलं होतं. आमच्या भागात नवा मुलगा आला, जेमतेम तिशीचा. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी 'दाखला मिळाला नाही' म्हटलं. खोटं होतं. दवाखान्यात मृत्यू झाला तर नोंद तेच कळवतात, मुदत २१ दिवसांची असते, आणि आमचा दाखला केव्हाच कपाटात होता. दुसऱ्यांदा आला तेव्हा मी घरात असून दार उघडलं नाही. अकरा वर्षं लोकांनी माझ्याशी जे केलं तेच.

तिसऱ्यांदा, जुलैच्या पावसात, तो भिजून आला म्हणून आत घ्यावंच लागलं. चहा ठेवला, फॉर्म घेतला. सात नंबरात कारणाचे चौकोन असतात. एक मृत्यूचा, एक कायमच्या स्थलांतराचा, दुबार नावाचा वगैरे. माझं पेन स्थलांतराच्या चौकोनावर थांबलं. आमच्याकडे म्हणतातच ना: प्रभूकडे गेली, स्वर्गीय घरी गेली, प्रभूमध्ये निजली. दफनाच्या वेळी बोललेल्या प्रत्येक माणसानं यातलं काहीतरी म्हटलं होतं. खूण तिथं केली तर श्रद्धेनं चूक ठरली नसती, असं क्षणभर वाटलं.

पण दर रविवारी आम्ही उभं राहून जो विश्वासांगीकार, म्हणजे श्रद्धेची कबुली म्हणतो, त्यात येशूबद्दल काय म्हणतो? वधस्तंभी खिळला, मरण पावला, पुरला गेला. 'निजला' नाही, 'घरी गेला' नाही. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, हे वाक्य त्याच्या पुढे येतं, आणि ही तीन वाक्यं ओलांडून त्याच्यापाशी जाता येत नाही. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं माझ्याकडे उत्तर असेल तर ते एवढंच आहे. श्रद्धेनं माझं दुःख कमी केलं नाही. आई मेली, हे कागदावर लिहिण्याची हिंमत दिली. मी मृत्यूच्या चौकोनात खूण केली.

तो मुलगा दाखला आणि यादी समोरासमोर ठेवून घोळात पडला. 'मॅडम, आडनाव जुळत नाही. इथं ऱ्हस्व आहे.' मी म्हटलं, 'शेऱ्यात लिहा, व्यक्ती तीच, घरी खात्री केली. आणि खाली सही करा तुमची.' त्यानं माझ्याकडे जरा संशयानं पाहिलं. 'तुम्ही कधी काम केलंय का हे?'

पुढच्या यादीत वगळलेल्यांत तिचं नाव आलं. या यादीत नावापुढे एक इंग्रजी अक्षर असतं: स्थलांतरिताला 'एस', दुबारला 'आर', मयताला 'ई'. हजारो 'ई' मी बोटानं मोजलेत. आमच्या घर क्रमांकासमोरचा 'ई' बघून मी यादी घडी घालून आईच्या बायबलच्या त्याच कव्हराच्या खिशात ठेवली.

तुम्हाला कामाचं सांगायचं तर: २०२५ च्या मे महिन्यात निवडणूक आयोगानं जाहीर केलंय की मृत्यू नोंदणीची माहिती आता थेट भारताच्या महानिबंधकांकडून घेतली जाईल, म्हणजे बीएलओ तुमच्या सात नंबरची वाट न बघताही चौकशीला येऊ शकतो. तेव्हा सही केली नाहीत तरी नाव बहुतेक कधीतरी जाईलच. पण तुमच्या हातानं जाणं वेगळं. वडील घरीच वारले असतील आणि मृत्यूची नोंदच राहिली असेल तर मात्र तिकडे आधी बघा, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. आणि बीएलओला बसवून चहा द्या. तो तुमच्या बाबांना पुसायला आलेला नाही. बहुतेक शाळा सुटल्यावर उपाशीच आलेला असतो.

गेल्या २ नोव्हेंबरला, मृतांच्या आठवणीच्या दिवशी, आम्ही कबरी साफ करायला गेलो. झेंडू, मेणबत्त्या, सगळीकडे चुन्याचा वास. दगड बसायचा आहे, सध्या लाकडी क्रूसच. त्यावर नाव घालायला पेंटर बोलावला होता. तो अक्षरामागे पैसे घेतो. त्यानं विचारलं, नाव कसं लिहायचं, तर मी सवयीनं कव्हरातून मतदार कार्ड काढून दिलं आणि भावाबरोबर पाणी आणायला गेले. परत येऊन बघते तर आडनाव ऱ्हस्व. रंग ओला होता. मी म्हटलं, 'भाऊ, हे पुसा.' तो कुरकुरला, रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं आणि दीर्घ वेलांटी काढली. एकाच अक्षराचे पैसे दोनदा द्यावे लागले. आई असती तर तिथंच भांडली असती.